मुख्याध्यापकांच्या सहीवर टोचलेली लस: खम्मम-वडोदरा प्रकरणाचा अभ्यास

जुलै २००९ ते एप्रिल २०१० या काळात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम (आता तेलंगणात) आणि गुजरातमधील वडोदरा या दोन जिल्ह्यांत १० ते १४ वर्षांच्या सुमारे २४ हजार मुलींना एका संशोधन प्रकल्पात एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत विषाणूविरुद्धची, लस देण्यात आली. खम्ममच्या सुमारे १४ हजार, वडोदऱ्याच्या सुमारे १० हजार. त्या काळात यांतल्या सात मुली दगावल्या, वर्तमानपत्रांत आणि संसदेत गदारोळ झाला आणि केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला.

या प्रकरणावरचा वाद आजही दोन टोकांना जातो. एका बाजूला "लशीने मुली मेल्या", दुसऱ्या बाजूला "लस निर्दोष ठरली, मग ओरड कशाची?" चौकशीत मृत्यू लशीमुळे झाल्याचे निष्पन्न झाले नाही, हे खरे. पण त्याच चौकशीने संमती, देखरेख आणि जबाबदारी या तिन्ही बाबतींत गंभीर त्रुटी नोंदवल्या, हेही तितकेच खरे. कोणाला इजा झाली नाही म्हणून सहभागींचे संरक्षण झाले असे होत नाही. या त्रुटी सुट्या सुट्याही नाहीत. बहुतेकींचे मूळ एकाच निर्णयात सापडते: संशोधनाला सरकारी लसीकरणाचा पोशाख चढवला गेला.

मुली, पालक आणि शाळांमधले कर्मचारी यांची ओळख पटेल असे काहीही येथे दिलेले नाही. संस्थांची नावे सार्वजनिक अहवालांत आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण सत्तर जणींमध्ये एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार कारणीभूत असतात. त्यांच्याविरुद्धच्या दोन लशींना भारतात २००८ मध्ये परवानगी मिळाली. मर्क कंपनीची गार्डासिल ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवर होती, तर ग्लॅक्सोस्मिथक्लाइनची सर्व्हारिक्स १६ आणि १८ या दोनच प्रकारांवर. तेव्हाच्या वेळापत्रकात तीन डोस होते: गार्डासिलचे ०, २ आणि ६ महिन्यांना, सर्व्हारिक्सचे ०, १ आणि ६ महिन्यांना. प्रत्येक वेळी अर्धा मिली, दंडाच्या स्नायूत.

प्रकल्प पाथ या अमेरिकी संस्थेचा होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद म्हणजे आयसीएमआर आणि दोन्ही राज्य सरकारे त्यात भागीदार होती. पैसा गेट्स फाउंडेशनचा, आणि लस कंपन्यांनी फुकट दिलेली. भारताबरोबर पेरू, युगांडा आणि व्हिएतनाममध्येही असेच प्रकल्प चालू होते. लस गुणकारी आहे का, हा प्रश्नच येथे नव्हता. ती मुलींपर्यंत शाळांमार्फत पोहोचवावी की वयानुसार मोहीम काढून, खर्च किती येतो, लोक स्वीकारतात का, हे पाहायचे होते. राष्ट्रीय कार्यक्रमात लस आणायची तर ही माहिती लागतेच. प्रश्न रास्त होता, हे आधी मान्य केलेले बरे.

खम्ममला गार्डासिल वापरली गेली. मंडल (तालुक्यासारखे विभाग) तीन होते: भद्राचलम, कोत्तागुडम आणि तिरुमलायपालेम. वडोदऱ्याला सर्व्हारिक्स, तालुके डभोई, कवांट आणि शिनोर. भद्राचलमचा पट्टा कोया आदिवासींचा. कवांट राठवा आदिवासींचा तालुका, २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात. भद्राचलमकडच्या अनेक मुली आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत. गाव लांब, आईबाप मजुरीवर किंवा शेतात, भेट सणासुदीला. महाराष्ट्रात नंदुरबार, पालघर किंवा गडचिरोलीतल्या आश्रमशाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

पेच

नेहमीच्या लसीकरणात पालकांची लेखी संमती घेतली जात नाही. पोलिओचा डोस द्यायला कोणी संमतीपत्र पुढे करत नाही. लस कार्यक्रमात घेण्याचा निर्णय शासनाने, तज्ज्ञांच्या सल्ल्याने, आधीच घेतलेला असतो आणि त्याची जबाबदारीही शासनाची असते. संशोधनात उलटे असते. ज्या गोष्टीचा निर्णय अजून व्हायचा आहे तिच्यासाठी एक माणूस स्वतःचे शरीर उपलब्ध करून देतो. म्हणून त्याला समजावून सांगणे, त्याने हो म्हणणे, नाही म्हणण्याची वाट मोकळी असणे आणि काही झाले तर त्याची काळजी घेणे, हे सगळे स्वतंत्रपणे उभारावे लागते.

खम्ममला ही सीमारेषाच पुसली गेली. टोचणारे सरकारी आरोग्य कर्मचारी, जागा शाळेची, वेळ शाळेची. मुलींच्या हातात आले ते लसीकरण कार्डही राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या नावाचे आणि बोधचिन्हाचे. हे कार्ड पाहणाऱ्या पालकाला, किंवा शिक्षकालाही, हा अभ्यास आहे आणि नकार देता येतो, हे कळावे तरी कशावरून? संसदीय समितीने नंतर या बोधचिन्हाच्या वापरावर कडक ताशेरे ओढले. ते केवळ शिष्टाचाराचे प्रकरण नव्हते. कार्डावरचा शिक्का हाच पालकांपर्यंत पोहोचलेला खरा माहितीपत्रक होता, आणि त्यावर चुकीची माहिती होती.

पहिला निर्णयबिंदू: याला म्हणायचे काय?

कागदोपत्री हा परवान्यानंतरचा निरीक्षणात्मक अभ्यास, म्हणजेच 'प्रात्यक्षिक प्रकल्प' होता. पाथची भूमिका शेवटपर्यंत अशी राहिली की लशीला देशात परवाना होता, दोन्ही राज्यांच्या आणि एथिक्स कमिटीच्या (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या) मंजुऱ्या होत्या, ही औषधाची चाचणी नव्हतीच. यात तथ्याचा एक भाग आहे. परवाना मिळालेल्या लशीचा वितरण-अभ्यास आणि नव्या रेणूची पहिल्या टप्प्यातली चाचणी यांना एका तराजूत तोलता येत नाही.

पण निरीक्षणात्मक अभ्यासाची कसोटी सोपी आहे. अभ्यास नसता तरीही ती गोष्ट त्या माणसाच्या बाबतीत घडली असती का? डॉक्टर आपल्या रुग्णांना नेहमीचे औषध देत आहेत आणि संशोधक त्याच्या नोंदी पाहतो आहे, तर ते निरीक्षण. भद्राचलमच्या वसतिगृहातल्या मुलीला २००९ मध्ये हा प्रकल्प नसता तर ही लस मिळण्याची काहीच शक्यता नव्हती. लस सार्वत्रिक कार्यक्रमात नव्हती आणि बाजारभावाने ती त्या घरांच्या आवाक्यातली नव्हती. म्हणजे प्रकल्पाने तिच्या शरीरात काहीतरी नव्याने घातले. याला हस्तक्षेप म्हणतात.

"औषध नियमांच्या व्याख्येत ही चाचणी बसत नाही" हे विधान एक, आणि "म्हणून संशोधनाचे नियम लागू नाहीत" हे दुसरे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. आयसीएमआरची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वे तेव्हा लागू होतीच आणि ती माणसांवरच्या सगळ्या जैववैद्यकीय संशोधनासाठी होती. मात्र एकदा 'निरीक्षण' हा शब्द मुखपृष्ठावर आला की विमा, गंभीर प्रतिकूल घटनांची नोंद आणि स्वतंत्र देखरेख ही कामे ऐच्छिक वाटू लागतात. एथिक्स कमिटीसमोर प्रस्ताव आला की शीर्षक बाजूला ठेवून 'सहभागींबाबत प्रत्यक्ष काय केले जाणार' हा परिच्छेद आधी वाचावा, तो यासाठी.

दुसरा निर्णयबिंदू: सही कोणाची?

सगळ्यात जास्त गाजलेला आणि अजूनही नीट न समजलेला भाग हा. आंध्र प्रदेश सरकारने शाळांच्या आणि आश्रमशाळांच्या मुख्याध्यापकांना पालकांच्या वतीने संमतीपत्रावर सही करण्याची मुभा दिली. संसदीय समितीच्या २०१३ च्या अहवालात आंध्रच्या ९,५४३ संमतीपत्रांचा हिशेब आहे: त्यांतल्या २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डनची सही, १,९४८ वर अंगठा. गुजरातच्या ६,२१७ पत्रांपैकी ३,९४४ वर अंगठा.

बातम्यांमध्ये अंगठ्यांचा आकडाच जास्त झळकला. वास्तविक अंगठा हा दोष नाही. निरक्षर माणसाची संमती अंगठ्याने पूर्णपणे वैध ठरते, अट एवढीच की माहिती सांगताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक तटस्थ साक्षीदार हजर असावा आणि त्याने सही करून तसे नोंदवावे. साक्षीदार संशोधन पथकातला नसावा. खरा दोष तिथे होता: तपासलेल्या अनेक पत्रांवर साक्षीदाराची सही नव्हती, काहींवर अन्वेषकाचीही (अभ्यास चालवणाऱ्या संशोधकाचीही) नव्हती, आणि काही पत्रांवर लस टोचल्याची तारीख सहीच्या तारखेच्या आधीची होती. ही शेवटची बाब साधी कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही. संमतीनंतर टोचायचे की टोचून झाल्यावर फाइल पूर्ण करायची, यातले तिथे काय घडले ते त्या दोन तारखा सांगतात.

वॉर्डनच्या सहीचा प्रश्न वेगळा आणि जास्त खोल आहे. बहुतेक ठिकाणी त्यामागे लबाडी नसते. मूल आजारी पडले तर वॉर्डनच दवाखान्यात नेतो, रजेचा अर्ज तोच मंजूर करतो, मग या कागदावरही त्याचीच सही, असे आपोआप घडते. पण ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळे. कायद्याने नैसर्गिक पालक आई-वडील. तातडीच्या उपचारासाठी वॉर्डनने निर्णय घेणे समजू शकते, कारण उशीर झाला तर मुलाचे नुकसान होते. निरोगी मुलीला संशोधनात घेण्याची तातडी कसली? आणि वरिष्ठ कार्यालयाकडून परिपत्रक आलेल्या सरकारी नोकराला नकार देण्याचे स्वातंत्र्य कितपत असते? तो पालकांच्या वतीने 'हो' म्हणू शकत होता. पालकांच्या वतीने 'नाही' म्हणणे त्याच्या नोकरीत बसत नव्हते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याची संमती धरता येत नाही.

मुलींच्या स्वतःच्या होकाराचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ कोणी विचारलाच नाही. आज आयसीएमआरच्या २०१७ च्या मुलांविषयीच्या तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार पालकांच्या संमतीखेरीज घ्यावा लागतो. म्हणजे या प्रकल्पातल्या १०-१४ वयोगटाला दोन वेगळ्या पद्धती लागल्या असत्या.

कोणते पर्याय होते?

वसतिगृहातल्या मुलींपुरते पाहू, कारण पेच तिथेच होता.

मुख्याध्यापकांची सही हा सर्वांत वेगवान मार्ग. एका दुपारी शाळा पूर्ण होते. कायद्याने आणि नीतीने तो टिकत नाही, हे वर आलेच.

चिठ्ठी मुलीबरोबर घरी पाठवायची आणि उत्तर आले नाही तर होकार समजायचा, असा एक मार्ग सुचवला जातो. नेहमीच्या शालेय आरोग्य तपासणीत तो चालतो. हस्तक्षेपाच्या संशोधनात मौन म्हणजे संमती नव्हे, आणि जिथे चिठ्ठी वाचणारे घरात कोणी नाही तिथे तर नाहीच.

आश्रमशाळा वगळायच्या, हा एथिक्स कमिट्यांना आवडणारा पर्याय. कागद स्वच्छ राहतो. पण मग ज्या मुलींना पुढे तपासणी आणि उपचार मिळण्याची शक्यता सर्वांत कमी, त्यांच्याबद्दल माहितीच गोळा होत नाही आणि कार्यक्रम आखताना त्या पुन्हा सुटतात. असुरक्षित गटाला सोयीसाठी निवडणे जसे चूक, तसे सोयीसाठी टाळणेही.

उरतो चौथा: पालकांपर्यंत प्रत्यक्ष जायचे. याला वेळ लागतो, आणि तो किती हे आधी मोजले तर घबराट कमी होते. समजा एका वसतिगृहात ३०० मुली आहेत आणि दोघांची एक जोडी दिवसाला आठ घरे नीट करते. ३८ दिवस लागतील, दोन जोड्या असल्या तर १९. बाजाराच्या दिवशी गावोगावचे पालक एकत्र भेटतात, तेव्हा सामूहिक माहिती देऊन हा वेळ आणखी खाली येतो, पण संमती मात्र एकेकाची बाजूला बसून घ्यायची.

याहून स्वस्त मार्ग शाळेच्या वेळापत्रकातच होता. आंध्रात शाळा जूनच्या मध्याला उघडतात. सुट्टीनंतर मुलींना पोहोचवायला पालक स्वतः येतात. पहिला डोस जुलैत सुरू झाला. संमतीचे काम त्या आठवड्यात वसतिगृहाच्या दारातच मांडले असते, तर बहुतेक पालक तिथेच भेटले असते. ०-२-६ चे वेळापत्रक शाळेच्या वर्षावर ठेवून पाहिले की आणखी एक अडचण दिसते: जुलैत पहिला, सप्टेंबरात दुसरा, जानेवारीत तिसरा. दुसऱ्यानंतर दसऱ्याची सुट्टी, तिसऱ्याच्या सुमारास संक्रांतीची, आणि आंध्रात संक्रांत म्हणजे मोठा सण. मुलगी घरी गेली की तिच्या तापाची, चक्करची, पाळीच्या त्रासाची नोंद करणारे कोणी नाही.

काय घडत गेले

महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्येच केंद्र सरकारकडे निवेदन देऊन आक्षेप नोंदवले होते. मार्च २०१० मध्ये दिल्लीच्या 'समा' या गटाचे कार्यकर्ते भद्राचलमला पोहोचले. वसतिगृहांतल्या मुलींशी आणि पालकांशी बोलल्यावर पालकांना विचारलेच गेले नसल्याचे आणि मुलींच्या पोटदुखी, डोकेदुखीसारख्या तक्रारींची दाद लागली नसल्याचे त्यांनी समोर आणले. एप्रिलमध्ये केंद्राने प्रकल्प स्थगित केला आणि तीन सदस्यांची चौकशी समिती नेमली. तिचा अंतिम अहवाल २०११ मध्ये आला. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये आपल्या ७२ व्या अहवालात आयसीएमआर, औषध नियंत्रक आणि पाथ या सर्वांवर टीका केली. पाथने ती मान्य केली नाही.

पहिल्या निवेदनापासून स्थगितीपर्यंत सहा महिने गेले, आणि लशीचे पूर्ण वेळापत्रकही सहा महिन्यांचे. तक्रारीची तपासणी आणि टोचणी एकाच वेगाने चालल्या.

मृत्यूंचा तपशील पाहावा. आंध्रात पाच, गुजरातेत दोन. एक मुलगी खाणीच्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, दोघींनी कीटकनाशक पिऊन जीव दिला, एक मलेरियाने गेली. उरलेल्या दोघींच्या बाबतीत कारण तितके स्पष्ट नव्हते. एकीला तीव्र ताप होता, दुसरीला मेंदूत रक्तस्राव झाल्याचा संशय होता. दोन्हींचा लशीशी संबंध असण्याची शक्यता चौकशी समितीने फार कमी मानली. सर्पदंश आणि बुडणे यांचा लशीशी संबंध नाही हे शाळेतले मूलही सांगेल. तरी ते खात्रीने सांगायला चौकशी समिती नेमावी लागली, कारण मृत्यू झाला त्या वेळी तो नोंदवून तपासणारी स्वतंत्र यंत्रणा प्रकल्पात नव्हती. गंभीर घटना उशिरा वर कळवल्या गेल्या. दोन राज्यांतल्या प्रतिकूल परिणामांच्या नोंदींत मोठी तफावत निघाली, आणि अशी तफावत बहुतेकदा लशीतली नसते, नोंद ठेवण्यातली असते.

इथे सहभागींचे संरक्षण आणि लशीची विश्वासार्हता यांचे हित एकच होते. पहिल्या मृत्यूनंतर चोवीस तासांत नोंद, पंधरवड्यात कारणमीमांसा आणि ती उघडपणे जाहीर, एवढे झाले असते तर अफवेला जागाच उरली नसती.

निष्पत्ती

प्रकल्प पुन्हा सुरू झाला नाही. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. त्यातून निघालेल्या एका प्रश्नावर, म्हणजे संसदीय समितीचा अहवाल न्यायालयाला विचारात घेता येतो का यावर, घटनापीठाने मे २०१८ मध्ये होकारार्थी निकाल दिला. संशोधनातल्या सहभागींच्या वकिलांना तो निकाल आजही उपयोगी पडतो.

नियमांच्या बाजूने बरेच बदलले, अर्थात एकट्या या प्रकरणामुळे नव्हे. २०१३ मध्ये चाचणीतील इजा आणि मृत्यूसाठी भरपाईचा नियम आला. २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियमांत वेळापत्रक पक्के झाले: गंभीर घटना अन्वेषकाने २४ तासांत कळवायची, कारणमीमांसा १४ दिवसांत, एथिक्स कमिटीचे मत ३० दिवसांत. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास भरपाईचे सूत्र असे: आठ लाख रुपये, गुणिले वयाचा घटक, गुणिले जोखमीचा घटक, भागिले ९९.३७. सोळा किंवा त्याहून कमी वयाला वयाचा घटक २२८.५४ आणि निरोगी सहभागीला जोखमीचा घटक ४. हिशेब केला तर सुमारे ७३ लाख ६० हजार रुपये होतात, या सूत्रातली सर्वांत मोठी रक्कम. निरोगी मुलीला संशोधनात घेताना आपण किती मोठी जबाबदारी उचलतो याची कल्पना प्रायोजकाला या एका आकड्याने येते. २००९ मध्ये असे सूत्र नव्हते.

प्रकल्प 'चाचणी' नाही असे ठरवले की यातले बरेचसे आजही टाळता येते. पहिला निर्णयबिंदू त्यामुळे जुना झालेला नाही.

वेगळे काय करता येईल

आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात हस्तक्षेपाचा अभ्यास करायचा असेल तर प्रस्तावातच पुढील गोष्टी लिहून घ्याव्यात, 'स्थानिक पातळीवर ठरवू' यावर भागवू नये.

कार्ड, बॅनर, गाडी, पथकाचे ओळखपत्र यांवर शासकीय योजनेचे बोधचिन्ह नको. आरोग्य खाते भागीदार असेल तर तसे एका ओळीत लिहावे, आणि त्याच्या वरच्या ओळीत, मोठ्या अक्षरांत, "हा अभ्यास आहे, भाग घेणे ऐच्छिक आहे."

मुख्याध्यापकांकडून घ्यायची ती परवानगी: शाळेची जागा आणि वेळ वापरण्याची. तिचा कागद वेगळा, संमतीपत्र वेगळे. दोन्ही एका फाइलमध्ये ठेवले की तपासणीच्या वेळी पहिल्यालाच दुसरे समजले जाते.

माहिती घरच्या बोलीत द्यावी. तेलुगू संमतीपत्र कोया घरात वाचून दाखवणे म्हणजे राज्यभाषेचा सोपस्कार झाला. बोली येणारी व्यक्ती गावातली असावी, पण सरपंच, मुख्याध्यापक किंवा आशा नसावी, कारण त्यांना नकार देणे जड जाते. तटस्थ साक्षीदारालाही हेच लागू. माहिती एका दिवशी आणि सही निदान एका रात्रीनंतर. घरात बोलणे व्हायला तेवढा वेळ लागतो.

समजले का, हे "समजलं ना?" विचारून कळत नाही, त्याला मान डोलतेच. पालकालाच सांगायला लावावे. ही लस शाळेतल्या सगळ्यांना सरकारकडून नेहमी मिळते का? तुम्ही नाही म्हटले तर मुलीच्या शाळेवर, वसतिगृहातल्या जागेवर काय परिणाम होईल? किती वेळा टोचायची? ताप आला किंवा चक्कर आली तर कोणाला फोन कराल? लस घेतली म्हणून मोठेपणी तपासणी टाळता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर सही घेऊ नये, बाकी चार बरोबर असले तरी.

टोचणाऱ्या परिचारिकेला एकच नियम द्यावा: पूर्ण भरलेले संमतीपत्र आणि मुलीचा होकार समोर असल्याशिवाय कुपी उघडायची नाही. वय बारा पूर्ण असेल तर होकाराच्या कागदावर मुलीची सही, कमी असेल तर तोंडी होकाराची नोंद. तारखांच्या उलट्या क्रमाची भानगड इथेच संपते. आणि मुलीने खोलीत येऊन नको म्हटले तर पालकांची सही असूनही टोचायची नाही.

घटनांच्या नोंदीसाठी वसतिगृहात एक वही, जबाबदार एक महिला कर्मचारी. पाळीच्या तक्रारी पुरुष वॉर्डनच्या वहीत कधीच लिहिल्या जात नाहीत. मुली सुट्टीवर जाताना कार्डावर फोन नंबर आणि परत आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकीची विचारपूस. नावनोंदणी झालेल्या मुलींची यादी दर महिन्याला गावच्या मृत्यू नोंदवहीशी ताडून पाहावी. घरी झालेला मृत्यू एरवी कळतच नाही.

विम्याची प्रत प्रस्तावाला जोडलेली असावी, 'प्रक्रिया सुरू आहे' असे पत्र नव्हे. संरक्षित व्यक्तींची संख्या आणि नावनोंदणीचे उद्दिष्ट जुळते का, हे कमिटीच्या सचिवानेच तपासावे.

एक पान प्रस्तावात क्वचितच असते: अभ्यास अचानक थांबला तर काय. एप्रिल २०१० च्या स्थगितीने दुसराही एक अभ्यास थांबला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा हा अभ्यास, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहणारा, देशात नऊ ठिकाणी चालू होता. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि सोलापूर जिल्ह्यातले बार्शी. खम्ममच्या मृत्यूंशी त्याचा संबंध नव्हता. १७,७२९ मुलींना लस मिळाली होती आणि टोचणी जिथल्या तिथे थांबल्यामुळे जवळपास पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. त्यांचा पाठपुरावा चालू ठेवला गेला आणि २०२१ मध्ये निष्कर्ष आला की १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाविरुद्ध एका डोसचा परिणाम ९५.४ टक्के, तीन डोसांच्या तोडीचा. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हाही होता. हा योगायोग होता, नियोजन नव्हे. २०१० मध्ये त्या मुलींना मिळालेले होते अर्धवट लसीकरण, आणि एक डोस पुरेल हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हते.

त्या पानावर पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. थांबल्याचे पालकांना कोण आणि किती दिवसांत सांगणार. कार्डावर मिळालेल्या आणि राहिलेल्या डोसांची नोंद कशी होणार. राहिलेले डोस पुढे हवे असल्यास खर्च कोणाचा. प्रतिकूल घटनांची विचारपूस शेवटच्या डोसनंतर किती काळ चालू राहणार. आणि या सगळ्यासाठीचा पैसा पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात ठेवला आहे का.